विंचवाचे बिऱ्हाड

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आमच्या घरात फार वापरली जाई, आणि ती बहुतेक वेळा आमच्याच कुळाला उद्देशून असे. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत आमचे पूर्वज चिपळूणकडून बडोद्यास आले, ते दोन पेट्या आणि एक देव्हारा घेऊन. पुढे दांडिया बाजारात वाडा झाला, पाच पिढ्या नांदल्या, तरी कोकणातला कोणी नातलग आला की ही म्हण निघायचीच. म्हणीतला विंचू मात्र कोणी नीट पाहिलेला नसे. जो दिसे तो चपलेखाली जाई.

गेल्या उन्हाळ्यात खरोखरीच्या एका विंचवाचे बिऱ्हाड मांडून देण्याची पाळी आम्हा उभयतांवर आली. वाड्याचा पुढला चौक चुलतभावांच्या वाटणीचा. तो विकला गेला होता आणि एप्रिलमध्ये पाडायला सुरुवात झाली होती. आमचा मागला भाग दिवाळीपर्यंत रिकामा करून द्यायचा होता. सागवानी खांब एकेक करून निघत होते, सुतार तुळयांवर खडूने आकडे घालीत होते, आणि परसात जुन्या चपट्या विटांच्या थप्प्या वाढत होत्या. सुटीसाठी पुण्याहून आलेला आमचा अकरा वर्षांचा नातू दिवसभर त्या थप्प्यांतच असायचा. एका दुपारी तो एक कौल हातात तोलून धरीत अगदी हळू चालत स्वयंपाकघराच्या दारात आला. कौलावर उपडी वाटी होती.

"आजी, ओरडू नकोस हं. आणि आजोबा, मारायचं नाही."

वाटीखाली बोटाच्या एका पेराएवढा विंचू होता. रंग पाणी जास्त झालेल्या चहासारखा, पाय टोकांशी जवळजवळ पारदर्शक. शेजारच्या बेन कठड्यावरून डोकावल्या आणि म्हणाल्या, "काका, मारी नाखो ने!" चप्पल आमच्याही हातात आलेली होतीच. पण पोरगा मध्ये उभा राहिला. "सगळंच मोडताय ना," तो म्हणाला, "हे एक तरी राहू द्या." यावर काय बोलावे ते आम्हांला सुचले नाही. चप्पल खाली ठेवली गेली.

नातवाची अशी खात्री होती की हे इंगळीचे पिल्लू. आफ्रिकेतला काळाभोर सम्राट विंचू लोक हौसेने पाळतात, हे त्याने पुस्तकात वाचले होते. त्या विंचवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आता निर्बंध आहेत, हेही त्याला ठाऊक होते. पण आपला हा देशी, आपल्याच परसातला, तेव्हा कोणाची हरकत असणार? त्याच्या मते प्रश्न फक्त मोठ्या बरणीचा होता.

आमच्या घरातही विंचवांच्या दोनच जाती मानल्या जात : विंचू आणि इंगळी. लहान तो विंचू, मोठी काळी ती इंगळी. भीती आकाराच्या प्रमाणात. विंचू चावला तर चुना लावावा, मंत्र घालणाऱ्यास बोलवावे, रात्रभर कण्हावे आणि सकाळी कामाला लागावे. इंगळी चावली तर देव आठवावा. आमच्या एक आत्या चार वर्षांच्या असताना आजोळी कोकणात गेल्या होत्या. पेंढ्यात खेळताना त्यांना विंचू चावला. पोर घामाने निथळली, ओकाऱ्या झाल्या, हातपाय बर्फासारखे गार पडले आणि पहाटे धाप लागून, तोंडाला फेस येऊन ती गेली. मारलेला विंचू लहानसा, तांबूस होता, असे आजी सांगे. तरीही घरातले सगळे म्हणत, ती इंगळीच असणार, लहान विंचवाने का कोणी मरते? आजीच्या डोळ्यांनी पाहिलेल्यावर घराचा विश्वास बसला नाही, ही गोष्ट आम्हांला पुढे फार दिवस टोचत राहिली, पण ती नंतर.

आमच्या परिचयातली एक मुलगी विद्यापीठात प्राणिशास्त्राचा अभ्यास करते. तिला बोलावले. ती येईपर्यंत पाहुण्याला फरसाणाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात ठेवले होते आणि डब्यावर पाटा ठेवला होता. तिने आधी पाटा उतरवला. विंचवाला गुळगुळीत काच वा प्लास्टिक चढता येत नाही, झाकण पक्के असले म्हणजे पुरे, असे तिने सांगितले. मग तिने जे केले ते आमच्या मनात आले नसते. तिने डबा उचलून डोक्याच्या वर धरला आणि विंचवाला खालून पाहिले.

"काकू, रंग बघायचाच नाही," ती म्हणाली. "पिल्लाचा रंग प्रत्येक कातीबरोबर बदलतो. आणि लांबीही बघायची नाही. लहान असणं ही काही जात नव्हे."

पाहायचे ते असे. एक, चिमटे आणि नांगी यांचे प्रमाण. इंगळीचे चिमटे खेकड्यासारखे जाड असतात आणि नांगी त्या मानाने किरकोळ. तिचा भरवसा पकडण्याच्या ताकदीवर. ज्याचे चिमटे काडीसारखे सडपातळ आणि नांगी जाडजूड, त्याचा भरवसा विषावर. दुसरे, छातीच्या खालच्या बाजूला, पायांच्या मधोमध एक छोटी पट्टी असते. इंगळीच्या कुळात ती पंचकोनी, दुसऱ्या कुळात त्रिकोणी. तिसरे म्हणजे पोटाखालची फणी. प्रत्येक विंचवाच्या पोटाखाली कंगव्यासारखे दोन अवयव असतात, त्यांनी तो चालता चालता जमीन चाचपतो. या फणीच्या दातांची संख्या जन्मतः ठरते आणि मरेपर्यंत बदलत नाही. पण ते दात मोजायला सूक्ष्मदर्शक लागतो, आणि विंचू काही त्याखाली स्वस्थ पडून राहत नाही.

आमच्या पाहुण्याचे चिमटे सडपातळ होते, नांगी जाड होती, पट्टी त्रिकोणी होती. म्हणजे इंगळी नव्हे, एवढे नक्की. ब्यूथिडी या कुळातला. जगातले बहुतेक सगळे प्राणघातक विंचू याच कुळातले. याच कुळात निरुपद्रवी म्हणावेत असे पुष्कळ लहान विंचूही आहेत, आणि हा त्यांपैकी एक की लाल विंचवाचे पिल्लू, हे इतक्या लहानपणी डोळ्यांनी सांगणे तिला धोक्याचे वाटले. "लाल विंचू समजूनच ठेवा," ती म्हणाली. "चुकलं तर काही बिघडत नाही. उलट समजलात आणि चुकलात, तर बिघडेल."

या बाबतीत आम्हा उभयतांत एकमत होते असे भासवणे खोटेपणाचे ठरेल. आमच्यापैकी जी व्यक्ती स्वयंपाकघर सांभाळते, तिचे म्हणणे असे की चार वर्षांच्या आत्याला मारणाऱ्या प्राण्याला अकरा वर्षांच्या नातवाच्या खोलीत ठेवणे हा शहाणपणा नव्हे. जी व्यक्ती वर्तमानपत्र सांभाळते, तिचे म्हणणे, शब्द दिला आहे. शेवटी तडजोड झाली ती अशी. डबा पोराच्या खोलीत नाही, आमच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात. कपाटाला कुलूप, किल्ली आजीच्या कनवटीला. डबा उघडायचा तो त्या मुलीनेच, लांब चिमट्याने, मोठ्या तसराळ्यात ठेवून. शिवाय रात्रीबेरात्री कोणत्या रुग्णालयात जायचे आणि तिथे काय विचारायचे, तेही लिहून कपाटावर चिकटवले.

त्या कागदावर 'प्राझोसिन' हा शब्द होता. त्यामागची हकीकत कोकणातलीच आहे आणि ती आम्ही त्या निमित्ताने मुळापासून वाचली. डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे विंचू चावलेली मुले येत आणि डोळ्यांदेखत जात. घाम, ओकारी, गार पडलेले हातपाय, मग फुप्फुसांत पाणी. लाल विंचवाचे विष शरीरातल्या ताण निर्माण करणाऱ्या द्रव्यांचा जणू बांध फोडते. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते. बावस्करांनी बिछान्याशी बसून रात्र-रात्र नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरून पाहिले. ते आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. १९८६ साली 'लॅन्सेट'ने त्यांचा अनुभव छापला. ज्या रोगात शंभरातले तीस-चाळीस दगावत, तिथे ते प्रमाण एकाच्या आसपास आले. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये बावस्कर पतिपत्नींनी दाखवून दिले की प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिले तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नोंदींतली ती लक्षणे वाचताना आम्ही दोघेही थांबलो. घाम, ओकारी, गार हात, पहाटेची धाप, फेस. आजी खरे सांगत होती. तो लहानसा तांबूस विंचूच होता.

बिऱ्हाड मांडणे त्या मानाने सोपे निघाले. डब्यात तीन बोटे जाडीचा चाळलेल्या मातीचा आणि वाळूचा थर. त्यावर आमच्याच वाड्याच्या विटेचा एक कपचा, असा तिरपा की खाली फट राहावी. विंचवाला उघड्यावर राहणे सोसत नाही, पाठीला काहीतरी टेकलेले लागते. झाकणाला तापवलेल्या दाभणाने बारीक भोके. पाण्यासाठी बाटलीचे बूच, त्यात खडे, म्हणजे बुडायची भीती नाही. आम्ही मायेने ओला कापूस घालणार होतो, पण तिने मना केले. कोरड्या मुलखातला विंचू ओलीने मरतो, बुरशी लागते. उन्हात डबा ठेवायचा नाही. एका डब्यात दोन विंचू कधीच नाहीत, सकाळी एकच उरतो.

अन्नाचा प्रश्न नाजूक होता. विंचू जिवंत किडा खातो, तोही आपल्यापेक्षा लहान. घरातले झुरळ चालणार नाही, कारण फवारा मारलेल्या घरातले झुरळ म्हणजे विषाचा घास. मोकळ्या परसातला कोवळा रातकिडा आठवड्यातून एक, एवढे त्याला पुरे. न जेवता तो महिनेच्या महिने काढू शकतो. या शेवटच्या गोष्टीबद्दल आजींच्या मनात त्याच्याविषयी प्रथमच थोडा आदर निर्माण झालेला दिसला. एरवी आमच्याकडे येणारा कोणताही पाहुणा एवढा कमी खर्चिक नव्हता.

नातवाने एक खेळण्यातली विजेरी आणली होती, नोटा तपासतात तसल्या अतिनील किरणांची. रात्री दिवे घालवून ती कपाटाच्या काचेवर टाकली की विटेखालून एक हिरवट निळा अंगार चालत बाहेर येई. विंचवाच्या कवचातल्या काही द्रव्यांमुळे ही चकाकी येते. ती त्याच्या कोणत्या कामाची, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. शेजारच्या बेन तीन रात्री ओळीने पाहायला आल्या. नांगीला गुजरातीत आंकडो म्हणतात, तो आंकडो अंधारात उचललेला पाहून त्या दर वेळी "हाय हाय" म्हणत आणि पुन्हा विजेरी मागत.

त्याच बैठकींत कोणीतरी म्हणाले, पिल्ले आईचे पोट फाडून बाहेर येतात ना? ही समजूत आमचीही होती. ती खरी नाही. विंचवीण जिवंत पिल्ले प्रसवते, पांढरीशुभ्र, मऊ. ती आईच्या पायांवरून चढून तिच्या पाठीवर जाऊन बसतात आणि पहिली कात टाकीपर्यंत, म्हणजे आठ-पंधरा दिवस, तिथेच राहतात. मग उतरतात आणि ज्याची त्याची वाट धरतात. म्हणीतले बिऱ्हाड ते हेच. आम्ही लहानपणी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी एकदा अशी विंचवीण पाहिली होती. पाठीवर तांदूळ सांडल्यासारखे काहीतरी होते. गड्याने तिच्यावर वहाण मारली आणि ते तांदूळ चहूकडे चालू लागले. तेव्हा आम्ही टाळ्या पिटल्या होत्या. हे नातवाला सांगावे की नाही ते ठरेना, शेवटी सांगितले. तो काही बोलला नाही. त्याने विजेरी बंद केली.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात विंचू जेवेनासा झाला. रातकिडा त्याच्या अंगावरून फिरे आणि तो हलेना. मुलीला कळवले, ती तासाभरात आली आणि तिने रातकिडा काढून घेतला. कात टाकणारा विंचू इतका असहाय असतो की भक्ष्यच त्याला कुरतडते. त्या रात्री आम्ही तिघे कपाटासमोर बसलो होतो. डोक्याच्या पुढच्या कडेला कवच उकलले आणि दोन-अडीच तासांत तो त्यातून पुढे सरकत सरकत बाहेर आला, प्रत्येक पाय, प्रत्येक नखी, नांगीचा काटासुद्धा मोज्यातून ओढल्यासारखा. विजेरी टाकली तेव्हा कात लखलखली आणि तिच्याशेजारचा विंचू मात्र चकाकेना. नवे कवच कठीण होईतो ही चकाकी येत नाही. आधी आम्हांला वाटले, मेला.

नाव सांगितले ते त्या कातीने. मुलगी ती कात कापसात गुंडाळून घेऊन गेली, पाण्यात मऊ केली, सूक्ष्मदर्शकाखाली उलगडली. फणीचे दात मोजले, चिमट्यांवरच्या संवेदनशील केसांचे खळगे पाहिले, नांगीवरच्या कणीदार कडा पाहिल्या. बी. के. टिकाडर आणि पुण्याचे डी. बी. बस्तवडे यांचा भारतीय विंचवांवरचा ग्रंथ १९८३ सालचा. तो आणि त्यानंतरचे लेख पुढ्यात ठेवून आणि आपल्या शिक्षकांना दाखवून ती चौथ्या दिवशी आली. जात नक्की झाली होती : हॉटेंटोटा टॅम्युलस. लाल विंचू.

नातवाचा चेहरा उतरला. आमच्यातल्या एकीने किल्ली कनवटीला आहे ना, ते चाचपून पाहिले.

मुलीने आणखी एक गंमत सांगितली, ती इथे नोंदवून ठेवतो. १९०० साली पोकॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने हिंदुस्थानातल्या विंचवांवर लिहिताना या एका जातीच्या रंगावरून पोटजाती पाडल्या. गुजरातेतल्याला त्याने 'गुजरातेन्सिस' म्हटले आणि कोकणातल्याला 'कोंकानेन्सिस'. शंभरावर वर्षे ही नावे चालली. २००७ साली कोवारिक या चेक अभ्यासकाने पुष्कळ नमुने एकत्र तपासून ठरवले की हे भेद टिकत नाहीत, सगळे एकच. आमच्या आत्यांना चावलेला आणि आमच्या कपाटातला, दोघांचे नाव एक. नातवाला हे ऐकून हसू आले. पुण्यात त्याला 'गुज्जू' म्हणून चिडवतात आणि इथे आमच्या गल्लीत तो 'पुणेकर' असतो.

हसून झाल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. पुण्यास नेण्याची मागणी आम्ही ताबडतोब फेटाळली. पुढच्या काही कातींनंतर तो पूर्ण वाढणार होता, आणि ज्याच्या चुकीला एक जीव ही किंमत आहे त्याला हौस म्हणून बाळगता येत नाही, हे पोरालाही कळत होते. मारणे शक्य नव्हते, आता तर मुळीच नाही. परसात सोडावा तर तिथे महिन्याभरात खड्डा होणार, आणि खड्ड्यात मजुरांची पोरे खेळणार. विश्वामित्रीकाठी सोडावा तर तिथेही वस्ती आहे. आपल्या घरातले भय दुसऱ्याच्या दारी नेऊन ठेवणे म्हणजे दया नव्हे. मुलगी म्हणाली, पावागढच्या वाटेवर एका खडकाळ माळावर, वस्तीपासून दूर, याच जातीचे विंचू तिने रात्री फिरताना पाहिले आहेत. जिथे ही जात आधीपासून आहे, तिथेच सोडावा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधी, आम्ही संध्याकाळी गाडी करून तिथे गेलो. डबा दगडाशी आडवा केला. तो बराच वेळ विटेच्या कपच्याखालून निघेना. मग निघाला, चिमटे पुढे धरून दोन वीत चालला आणि एका फटीत शिरला. नातवाने विजेरी टाकून पाहिली, काही दिसले नाही. कपचा त्याने खिशात घातला.

कात मात्र राहिली होती. मुलीने ती एका लहान कुपीत मद्यार्कात घालून आणली आणि सोबत कागदाची एक चिठ्ठी दिली. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची, मद्यार्कात शाई उतरते. वर जातीचे नाव, खाली कोणास सापडला, कोणत्या तारखेस, कोठे. नातवाने जिभेचे टोक बाहेर काढून बारीक अक्षरात सगळे लिहिले आणि 'कोठे'पाशी अडला.

"आजोबा, घर नंबर लिहू? पण घर तर राहणार नाही."

आम्ही मुलीकडे पाहिले. "जिथे सापडला तेच लिहायचं," ती म्हणाली. "पुढे तिथे काय झालं, ते चिठ्ठीवर येत नाही."

त्याने घर नंबर लिहिला, मग दांडिया बाजार, मग बडोदे. चिठ्ठी गुंडाळून कुपीत सोडली आणि बूच लावले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो पुण्यास गेला. कुपी आम्ही हलवायच्या सामानात देव्हाऱ्याच्या पेटीत ठेवली आहे.